दमाईचा दमा

मंगळवार उजाडला की भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलेल्या रिक्षा चिरेवाडीच्या फाट्यावर थांबायच्या. तिथून पाखाडीच्या पायऱ्यांनी खाली उतरायचं, दगडी गडग्याच्या कडेने माडांच्या आगरात शिरायचं, की समोर मथुरेचं घर. २००४ सालच्या त्या उन्हाळ्यात मात्र त्याला मथुरेचं घर कुणी म्हणत नव्हतं. सगळे म्हणायचे, ‘दमाईचं ठाणं’.

घरापुढच्या खळ्यात माडाच्या झापांचा मांडव आणि मांडवाखाली दोन-अडीचशे माणसं. छातीवर हात दाबून बसलेले म्हातारे, पोटऱ्या सुजलेल्या बायका, कडेवरचं पोर सुंई सुंई श्वास घेतंय म्हणून कावऱ्याबावऱ्या झालेल्या आया. शेतात राबणारे होते, तसे रत्नागिरीतले चष्मेवाले कारकूनही होते. सगळ्यांचे डोळे मधल्या पाटाकडे. पाटावर लाल खण, आणि खणावर एक मांजर. शिजवलेल्या कुळथाच्या पिठीचा रंग असतो ना, तसल्या रंगाची, सडपातळ मांजर. तिच्या पुढ्यात मोठं धुपाटणं, आणि धुपाटण्यामागे भगवी लुंगी नेसलेला बाबू बुवा.

“काका, जवळ या. घाबरू नका. दमाई कुणाला बोचकारत नाय!” बाबूने एका निवृत्त कारकुनाला हाताला धरून पुढे घेतलं. “मांजर आडवं गेलं की काम अडतं, असं तुमी म्हणता का नाय? म्हणता ना! मग तेच मांजर आजाराला आडवं गेलं, तर आजार नाय अडणार? साधा हिशेब हाय. डॉक्टरला कळत नाय, कारण त्याच्या पुस्तकात मांजरच नाय! सोडा श्वास. हिच्या कपाळावर. एक. दोन. तीन!”

कारकुनाने कसाबसा तीनदा श्वास सोडला. बाबूने त्याला लगेच चार हात मागे, वाऱ्याच्या बाजूला नेऊन बसवलं आणि निखाऱ्यावर मूठभर काहीतरी टाकलं. नारळाच्या सोडणांचा, राळेचा, आणि आणखी कसला तरी दाट पांढरा धूर उठला आणि थेट मांजरीच्या अंगावरून वाहू लागला.

दोन-तीन मिनिटं गेली. मग मांजरीने पुढचे पाय पसरले, कोपरं बाहेर काढली, मान जमिनीलगत लांब ताणली. ती खोकू लागली, कोरडं, घशातून काही तरी उपसून काढावं तसं. मग तोंड उघडलं, जीभ बाहेर आली, पोट भात्यासारखं खालीवर व्हायला लागलं, आणि प्रत्येक श्वासाला शिट्टी. माणसाला दमा लागावा, अगदी तशी शिट्टी.

“घेतला!” बाबू ओरडला. “माउलीने घेतला!”

“दमाई माउली!” मांडव दणाणला. कारकुनाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. “अहो, हे माझंच,” तो शेजाऱ्याला सांगत होता, “मी अस्साच बसतो हो अंथरुणात, अस्साच!” बाबूने त्याच्या हातावर सात पुड्या ठेवल्या. ‘माउलीची विभूती’, मधातून घ्यायची, सकाळी एक. आणि पुड्या देण्याआधी त्याच्या खिशातला पंप काढून घेऊन तो बाजूच्या तांब्याच्या हंड्यात टाकला. हंड्यात तसले निळे, तपकिरी पंप गळ्यापर्यंत भरले होते.

“पंप म्हणजे डबाबंद वारा,” बाबू म्हणाला. “माउलीचा वारा मिळाल्यावर डब्यातला कशाला?”

माजघराच्या दारात मथुरा उभी होती. टाळ्या वाजत होत्या तेव्हा ती मांजरीच्या पोटाकडे बघत होती. धूर विरला की तिला उचलून मागील दारी न्यायचं, पाठीवरून हात फिरवत बसायचं, हे तिचं काम. त्या मांजरीला ती दमाई म्हणत नसे. तिच्यासाठी ती पिठी होती.

पिठी आली तेव्हा मुठीत मावेल एवढी होती. मथुरेचा नवरा आंब्याच्या झाडावरून पडून गेला, त्याच वर्षी ती गडग्याच्या खबदाडीत सापडली. मूलबाळ नसलेल्या बाईला घरात बोलायला कुणी तरी मिळालं. मथुरा चुलीपाशी बसायची, पिठी तिच्या मांडीवर. आणि साधारण वर्षभराने पिठी खोकायला लागली. चुलीत ओलं लाकूड घातलं की जास्तच. शेजारची सोनूबाई म्हणायची, “केस अडकला असंल गो घशात.” मथुरेलाही तसंच वाटायचं. पण केस कधी बाहेर पडला नाही.

मग धाकटा दीर, बाबू, मुंबईहून परत आला. वीस वर्षं तो तिथे औषधांच्या एका घाऊक दुकानात खोकी उचलायच्या कामाला होता. दुकान बंद झालं. घर सासऱ्याच्या नावावरून बाबूच्याच नावावर चढलेलं होतं, त्यामुळे तो आला आणि मथुरा त्याच्या घरात राहणारी झाली. तो वाईट बोलत नसे. पण “वयनी, हे घर सांभाळायला तूच हायस म्हणून बरं,” असं म्हणायचा, तेव्हा मथुरेला त्यातलं न बोललेलंही ऐकू यायचं.

एका संध्याकाळी सोनूबाई पडवीत धापा टाकत बसली होती. तिला दम्याचा जुना त्रास. बाबूने दिवेलागणीचा धूप फिरवला आणि पिठीला उबळ आली. त्याच वेळी बसून बसून सोनूबाईचा दम जरा खाली बसला. “बाबल्या, बघ रे,” ती सहज म्हणाली, “माजा दमा तुज्या मांजराने घेतलान.” सोनूबाई हसली, मथुरा हसली. बाबू मात्र हसला नाही. तो पिठीकडे बघत राहिला. दुसऱ्या आठवड्यात तो मुंबईला जाऊन आला, येताना एक जड पिशवी आणि एक मिक्सर घेऊन. मिक्सर स्वयंपाकघरात लागला नाही. तो बाबूच्या खोलीत लागला आणि दार बंद करून चालायचा.

सोनूबाईला पहिली पुडी मिळाली. तिसऱ्या दिवशी ती विहिरीवरून भरलेली घागर घेऊन न थांबता पाखाडी चढली. अख्ख्या वाडीने ते पाहिलं. मग आणखी कशाची गरज होती? आमराईवाले अण्णा स्वतः जीपमधून आले, त्यांच्या आईला गुण आला, त्यांनी मांडव घालून दिला. सुशिक्षित माणूस आला म्हटल्यावर बाकीच्यांच्या शंका आपोआप मिटल्या.

मथुरेला ठाऊक होतं. पहिला रोगी यायच्या कितीतरी आधीपासून पिठी खोकत होती, हे त्या अडीचशे माणसांत एकट्या तिला पुरतं ठाऊक होतं. सोनूबाईलाही असायला हवं होतं, पण सोनूबाईने ते सोयीने विसरून टाकलं होतं. मथुरा विसरली नाही, पण बोललीही नाही. घर कुणाचं, हा एक भाग. दुसरा भाग ती स्वतःलाही नीट सांगत नसे. बायका दमाईच्या पाया पडून झाल्या की तिच्याही पाया पडत. विधवा म्हणून हळदीकुंकवाला जिला कुणी बोलावत नव्हतं, तिच्या पायांवर बागाईतदारांच्या सुना डोकं ठेवत होत्या.

आदल्या डिसेंबरात उल्काबाई आल्या होत्या.

उल्काबाई वाडीच्या शाळेत मास्तरीण. चार वर्षांपूर्वी प्रौढांच्या वर्गात त्यांनीच मथुरेचा हात धरून तिला तिचं नाव लिहायला आणि आकडे मोजायला शिकवलं होतं. त्यांना लहानपणापासून दमा, पण दोन वेळा पंप घेत आणि शाळा, घर, सासू सगळं ओढत. मंगळवारी त्या मांडवात सासूच्या मागे मान खाली घालून उभ्या राहिल्या, तेव्हा मथुरेला धक्काच बसला.

“बाई, तुमी?”

“सासूबाईंची इच्छा,” उल्काबाई हलकेच म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच, “आणि कंटाळा पण आलाय गं मथुरा. वर्गात पंप काढला की मुलं बघतात. पालक विचारतात, बाईंचा आजार मुलांना लागणार नाही ना? एकदा सुटला तर बरंच.”

तेव्हा बोलता आलं असतं. ‘बाई, मांजर आधीपासून खोकते’ एवढंच म्हणायचं होतं. मथुरेने तोंड उघडलं आणि बाबूने हाक मारली, “वयनी, निखारे आण!” ती निखारे आणायला गेली. ती बाहेर आली तेव्हा उल्काबाईंचे दोन्ही पंप हंड्यात पडले होते.

उल्काबाई ठणठणीत झाल्या. जानेवारीत स्नेहसंमेलनात त्यांनी मुलींबरोबर फेर धरला. गाल भरले, तोंड गोल झालं. “काय तेज आलंय चेहऱ्यावर!” बायका म्हणायच्या. उल्काबाईंना सारखी भूक लागायची, पायांवर जरा कुठे आपटलं की निळे डाग पडायचे, पण श्वास मोकळा होता आणि त्या आनंदात होत्या.

मार्चमध्ये बाबू मुंबईला गेला तो दोन आठवडे आला नाही. पुड्या संपल्या. “माउलीची विश्रांती हाय,” असा निरोप तो ठेवून गेला होता. शनिवारी सकाळच्या शाळेत, चौथीच्या वर्गात फळ्यावर भागाकार लिहिता लिहिता उल्काबाईंनी खडू खाली ठेवला आणि खुर्चीचा हात धरला. मुलं धावत मथुरेकडे आली, कारण शाळेला सगळ्यात जवळचं घर तेच. “मावशी, दमाईला घेऊन चला! बाईंना दम लागलाय!”

मथुरा पिठीला उचलून धावली. धावताना तिला कळत होतं, की काही उपयोग नाही. वर्गाच्या फरशीवर उल्काबाई गुडघ्यांवर बसल्या होत्या, हात पुढे टेकलेले, कोपरं बाहेर, मान ताणलेली, तोंड उघडं. पिठी बसायची तशाच. ओठ जांभळे. त्यांनी मथुरेच्या हातातल्या मांजरीकडे पाहिलं, मग मथुरेकडे. बोलायला श्वास नव्हता. रिक्षा मिळेपर्यंत वीस मिनिटं गेली. पुलापर्यंत पोचायच्या आतच उल्काबाईंचं डोकं मथुरेच्या खांद्यावर पडलं आणि ती शिट्टी थांबली. त्यांचं वय एकतीस.

बाबू परत आल्यावर हळहळला. “श्रद्धा कमी पडली,” म्हणाला. “तिने चोरून परत पंप घेतला असणार. माउली रागावली.” आणि पुढच्या मंगळवारी मांडव पुन्हा भरला.

एप्रिलमध्ये पिठीचं खाणं सुटलं. मंगळवारची उबळ गुरुवारपर्यंत टिकायला लागली. एका सकाळी मथुरेने तिचं तोंड उघडून पाहिलं तर हिरड्या उल्काबाईंच्या ओठांच्या रंगाच्या. मथुरेने सुकट आणायला जाते असं सांगितलं, पिठीला झाकणाच्या पाटीत घातलं आणि एस.टी. पकडून रत्नागिरीला गुरांच्या दवाखान्यात गेली.

तिथे नीरजा डॉक्टर होत्या. तिशीच्या आतल्या, सकाळपासून म्हशींच्या मागे उभं राहून कंटाळलेल्या. पिठीला पाहताच त्यांचा कंटाळा उडाला. त्यांनी तिला टेबलावर ठेवलं, नळी लावून ऐकलं, हृदय तपासलं, मग पटकन एक इंजेक्शन दिलं.

“किती दिवस खोकते ही?”

“अडीच वर्सं.”

“अडीच वर्षं! आणि आत्ता आणलीत?”

“तिला लोकांचा दमा लागतो,” मथुरा म्हणाली. ते वाक्य तिच्या तोंडातून तयार असल्यासारखं आलं, आणि तिची तिलाच लाज वाटली.

नीरजा डॉक्टर हसल्या नाहीत. “लोकांचा कसा लागेल, मावशी? दमा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हा हिचा स्वतःचा आहे. मांजरांना दमा होतो, माणसांसारखाच. छातीतल्या बारीक नळ्या आतून सुजतात, धूर किंवा धूळ गेली की आवळून बसतात. घरात धूर असतो?”

“मुद्दाम करतात,” मथुरा म्हणाली. आणि मग ती भडाभडा बोलत सुटली. मांडव, धुपाटणं, पुड्या, हंडा. अर्ध्या तासाने पिठीचं पोट शांत हलायला लागलं. तिने डोळे मिटून घेतले.

“बघा, आवळलेल्या नळ्या सैल करणारं इंजेक्शन होतं, दम उतरला,” डॉक्टर म्हणाल्या. “पण रोज टोचत बसता येणार नाही. बाहेरच्या देशांत मांजरांना पंप देतात. मी मासिकात वाचलंय, स्वतः कधी दिला नाही. खोटं सांगत नाही, पहिलीच वेळ. करून बघायचं?”

त्यांनी शेजारच्या औषधाच्या दुकानातून तान्ह्या बाळांना लावायचा मुखवटा आणवला, त्याला जोडलेली प्लास्टिकची फुगीर नळी, आणि दोन पंप. एक तपकिरी, एक निळा.

मथुरेने पंपांकडे बोट दाखवलं. “हे तर... हे माणसांचे.”

“माणसांचेच. औषध तेच. हा तपकिरी रोज दोन वेळा, आतली सूज कमी करायला. लगेच गुण दिसणार नाही, दहा-पंधरा दिवस लागतील, म्हणून सोडायचा नाही. निळा फक्त उबळ आली तर. नळीत एकदा दाबायचं, मुखवटा नाकातोंडावर नीट धरायचा आणि तिचे दहा श्वास मोजायचे. मोजता येतात?”

“शिकवलंय मला,” मथुरा म्हणाली, आणि तिथेच, म्हशींच्या शेणाच्या वासात उभी राहून रडली. डॉक्टरांना वाटलं मांजरीसाठी रडते आहे.

दुसऱ्या खेपेला तिने पदराच्या गाठीतून अर्धवट जळलेली चंदेरी पाकिटं काढली. गोठ्यामागच्या खड्ड्यात बाबू ती जाळायचा. एकावर अक्षरं शिल्लक होती. डॉक्टरांनी उजेडात धरून वाचली.

“स्टिरॉइडच्या गोळ्या. आम्हीही वापरतो जनावरांना. चांगलं औषध आहे, जीव वाचवतं, पण मोजून, डॉक्टरच्या नजरेखाली. महिनोन्‌महिने पोटातून घेतल्या की तोंड सुजतं, अंगावर डाग पडतात, साखर वाढते. आणि एकदम बंद केल्या तर शरीर उघडं पडतं. त्यात पंपही काढून घेतलेला...” त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं. “मावशी, ज्यांनी ही पूड घेतलीय त्यांनी ती एका दिवसात सोडायची नाही. थेट सिव्हिल हॉस्पिटलला जायचं. तिथले डॉक्टर हळूहळू कमी करतील. हे सगळ्यांना सांगायला हवं. मी आरोग्य खात्याला लिहिते. पण तुम्ही बोललात तर लोक ऐकतील.”

“माजं कोण ऐकतंय,” मथुरा म्हणाली.

पहिल्या खेपेहून घरी आल्यापासूनच मागील दारी, केळीच्या आडोशाला तिचा उद्योग सुरू झाला होता. पहिले दोन दिवस पिठीने मुखवट्याला पंजे मारले. मथुरेने आतून सुकटीचा वास लावला, तेव्हा ती स्वतःहून नाक खुपसू लागली. एक, दोन, तीन... मथुरा ओठांतल्या ओठांत मोजायची. पहिल्या मंगळवारी पिठीला उबळ आलीच. दुसऱ्या मंगळवारी थोडी. मथुरेला धुरात तिला ठेवणं सोसवत नव्हतं, पण उचलायची हिंमत होत नव्हती. ती स्वतःला सांगायची, आता पुढच्या वेळी. चौथा मंगळवार मे महिन्यातला होता. मांडव असा भरला होता की माणसं गडग्यावर बसली होती.

त्या दिवशी सोनूबाईने नातीला आणलं होतं. संस्कृती, सहा वर्षांची, मुंबईहून सुट्टीला आलेली, छातीत घरघर. बाबूने मुलीला श्वास सोडायला लावला, धूप टाकला. धूर पिठीवरून गेला. पिठीने डोळे बारीक केले, एकदा शिंकली आणि पाय वर करून अंग चाटायला लागली.

लोक वाट बघत राहिले.

“माउली परीक्षा बघते!” बाबू म्हणाला आणि आणखी धूप टाकला. मग कमरेच्या पिशवीतून आणखी एक मूठ. त्यात मिरचीची पूड होती. मांडवभर ठसका उठला. अण्णा खोकत बाहेर पळाले. पिठी पाटावरून उठली आणि शांतपणे मथुरेकडे चालत आली. वारा फिरला होता. सगळा लोट संस्कृतीवर गेला.

मुलगी एकदाच खोकली आणि मग तिला खोकताही येईना. ती पुढे वाकली, हात जमिनीवर टेकले, गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. “बघा, आता माउली घेणार!” बाबू ओरडला. “मुलीला कुणी हात लावू नका!”

सोनूबाई खरंच हात न लावता उभी राहिली.

मथुरेला पुढे नेमकं काय झालं ते नंतर नीट आठवत नसे. ती मागील दारी धावली आणि परत आली एवढं खरं. तिने संस्कृतीला धुरातून उचलून आगराच्या वाऱ्यात नेलं, मांडीवर बसवलं, पदराने मुखवटा पुसला आणि मुलीच्या नाकातोंडावर धरला. निळा पंप दाबला. “घे बाय, श्वास घे. एक. दोन...” दहा झाले. पुन्हा दाबला. पुन्हा दहा. लोक भोवती जमले. बाबू माणसं सारत आत घुसला, “वयनी, वेडी झालीस काय! काढ ते!” त्याने हात पुढे केला, तेव्हा अण्णांनी तो धरला. का धरला, त्यांनाही सांगता आलं नसतं. मुलीचे डोळे त्यांना दिसत होते एवढंच.

सहाव्या वेळी संस्कृतीचा श्वास खोल गेला. ती रडली. रडायला श्वास लागतो, तो तिला मिळाला होता.

“हे मांजराचं औषध,” मथुरा म्हणाली. “माज्या पिठीचं. तिला दमा हाय. तुमच्यातला एक पण माणूस यायच्या आधीपासून हाय. धूर दिला की तिला उबळ येते. धूर तिच्यावर सोडायचा, तुमाला वाऱ्याच्या बाजूला बसवायचं. ह्यात माउली कुठं हाय? आज तिला उबळ आली नाय, कारण एक महिना मी तिला हाच पंप देते, जो तुमी हंड्यात टाकलाय. आणि ह्या तुमच्या विभूतीच्या गोळ्या.” तिने जळकी पाकिटं जमिनीवर टाकली. “उल्काबाई ह्याच्यानं गेल्या. त्यांचं तोंड सुजलं तेव्हा तुमी तेज म्हणालात. पुडी एकदम सोडू नका. आज सगळे सिव्हिलला जा.”

“खोटं!” बाबू किंचाळला. “विलायती विष घातलंस माउलीला, म्हणून ती रुसली!”

अर्ध्या लोकांना ते पटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. मागून कुणीतरी नारळाची करवंटी भिरकावली, ती मथुरेच्या कपाळाला लागून रक्त आलं. एक बाई ओरडली, “माजा पोरगा बरा झालेला, आता काय करू?” अण्णा मात्र जीप काढायला गेले. मुलीला, सोनूबाईला आणि मथुरेला घेऊन ते थेट सिव्हिलला पोचले. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर काही सांगता आलं नसतं.

पोलीस आले, पंचनामा झाला, मिक्सर आणि गोळ्यांची पोती निघाली. बाबू काही दिवस आत होता, मग जामिनावर सुटला आणि वाडीत परत आला नाही. पुढे कुणीतरी सांगितलं, पलीकडच्या तालुक्यात एक बुवा बोकडावर गुडघेदुखी उतरवतो. तो बाबूच की दुसरा, कोण जाणे. सोनूबाईची पूड उतरवायला डॉक्टरांना सात महिने लागले आणि तिची साखर कायमची वाढलेली राहिली. गडग्यापाशी येऊन पुड्या मागणारी माणसं पुढच्या पावसापर्यंत येत होती. मथुरा त्यांना सिव्हिलची वाट सांगायची. काहीजण शिव्या देऊन जायचे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती उल्काबाईंच्या घरी गेली. त्यांचे यजमान, यज्ञेश, पडवीत बसले होते.

“मला ठाऊक होतं,” मथुरा उभ्या उभ्याच म्हणाली. “मांजर आधीपासून खोकायची. बाई आल्या त्या दिवशी मी त्यांना सांगणार होते. नाय सांगितलं.”

“हे मला आता सांगून काय होणार?”

“काय नाय होणार.”

“मग?”

मथुरेने चपला घातल्या. ती फाटकाशी पोचल्यावर मागून यज्ञेश म्हणाले, “शाळा सुरू झाली की तिथे या. मुलांना सांगा. तिच्या मुलांना.”

म्हणून मथुरा शाळेत गेली. फळ्यासमोर उभी राहिली, हातात काहीच नाही. जे झालं ते तिने तिच्या शब्दांत सांगितलं, धुपाचं, गोळ्यांचं, पंपाचं. “कुणी चमत्कार दाखवला तर त्याला आधी विचारा, हे आधी कधी झालेलं का? कशानं होतं? माज्यासमोर परत करून दाखवशील का? खरा असेल तर त्याला राग येणार नाय. आणि घरात कुणाचा पंप असेल तर तो लपवू नका. डोळ्यांवर चष्मा घालतो तसा तो घ्यायचा.”

चौथीतून पाचवीत गेलेली एक मुलगी उठली. त्या शनिवारी पिठीला बोलवायला धावत आलेल्यांतली ती एक होती.

“मावशी, तुम्हाला माहीत होतं तर तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

वर्गातले नवे गुरुजी तिला बसवायला पुढे झाले. मथुरेने त्यांना थांबवलं.

“भ्याले,” ती म्हणाली. “घर जाईल म्हणून भ्याले. आणि लोक पाया पडत होते, ते बरं वाटत होतं, ते पण खरं. मी म्हणत राहिले, पुढच्या मंगळवारी सांगीन. तुमाला काय खरं ठाऊक असेल तर तेव्हाच बोला. मोठी माणसं ओरडतील, मारतील, तरी बोला. श्वास कोंडलेल्या माणसाला तुमची भीती जाईपर्यंत थांबता येत नाय.”